गोल आपला, मैदान परक्यांचे

पंजाबातील एका खेड्यातील मुलगी युरोपच्या सर्वोच्च क्लब स्पर्धेत खेळते, ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण तिला आपले कौशल्य वाढवण्यासाठी देश सोडावा का लागला, हा प्रश्न त्या अभिमानाबरोबरच विचारला गेला पाहिजे.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मनौस शहरात २५ नोव्हेंबर २०२१ च्या रात्री ब्राझील आणि भारत यांच्या महिला फुटबॉल संघांचा सामना झाला. स्टेडियममध्ये जमलेले प्रेक्षक भारताचा खेळ पाहण्यासाठी आलेले नव्हते. सात विश्वचषक आणि सात ऑलिम्पिक स्पर्धा खेळलेल्या फोर्मिगा या त्यांच्या थोर खेळाडूचा तो अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना होता. निरोपाचा तो सोहळा होता आणि त्या सोहळ्यातील प्रतिस्पर्धी म्हणून भारताची योजना झालेली होती. पहिल्याच मिनिटाला ब्राझीलने गोल केला. आता गोलांची रांग लागणार, असेच सर्वांना वाटले असणार. परंतु आठव्या मिनिटाला भारताच्या एका मुलीने प्रतिहल्ल्यात वेगाने मुसंडी मारली आणि चेंडू ब्राझीलच्या जाळ्यात धाडला. फलकावर १-१ अशी बरोबरी झळकली. गोल करणाऱ्या त्या मुलीला वीस वर्षे पूर्ण व्हायला अजून दोन दिवस होते. तिचे नाव मनीषा कल्याण.

सामना भारताने ६-१ असा गमावला. हरलेल्या सामन्यातील एका गोलाचे एवढे कौतुक कशासाठी, असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर भावनेच्या भरात देण्याचे कारण नाही. तो गोल ब्राझीलच्या वरिष्ठ संघाविरुद्ध, त्याच्याच भूमीवर, खुल्या खेळातून झालेला होता. भारतीय मुलीच्या पायात तेवढी गती आणि मनात तेवढे धैर्य आहे, हे त्या गोलाने सिद्ध केले. उरलेल्या ऐंशी मिनिटांनी दुसरी गोष्ट सिद्ध केली. गुण असणे आणि नव्वद मिनिटे त्या पातळीवर टिकून राहणे यांत जे अंतर आहे, ते व्यवस्थेचे अंतर आहे. मनीषाची कारकीर्द म्हणजे या अंतराची गोष्ट आहे.

होशियारपूरची वाट

तिच्या नावात कल्याण असले तरी ठाणे जिल्ह्यातील कल्याणशी तिचा काही संबंध नाही. ती पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यातील मुग्गोवाल गावची. माहिलपूरच्या आसपासचा हा टापू पंजाबच्या फुटबॉलची रोपवाटिका म्हणून ओळखला जातो. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे आधारस्तंभ जर्नैलसिंग हे फाळणीनंतर याच परिसरात स्थायिक झालेल्या कुटुंबातले. चेंडू लाथाडणारी पोरे हे इथल्या गावांचे रोजचे दृश्य. मात्र त्यांत मुली क्वचितच दिसत.

मनीषाने सुरुवात केली ती धावण्याच्या शर्यतींपासून. शंभर आणि दोनशे मीटर धावणारी, बास्केटबॉल खेळणारी ही मुलगी शाळेतील क्रीडाशिक्षकांच्या नजरेत भरली आणि त्यांनी तिला फुटबॉलकडे वळवले. तेव्हा ती तेरा वर्षांच्या आसपास होती. इथे क्षणभर थांबले पाहिजे. या मुलीला शोधण्यासाठी कोणतीही राष्ट्रीय योजना मुग्गोवालला आली नव्हती. एका क्रीडाशिक्षकाने आपल्या शाळेतील एका मुलीची धाव पाहिली, ती या खेळासाठी उपयोगी आहे हे ओळखले आणि तिच्या घरच्यांनी तिला खेळू दिले. भारतातील बहुतेक महिला फुटबॉलपटूंच्या जीवनाचा पहिला अध्याय असाच असतो. मणिपूरच्या बेमबेम देवी असोत, बाला देवी असोत, हरियाणातील भिवानी जिल्ह्यातल्या अलखपुरा गावच्या मुली असोत किंवा ओडिशा-झारखंडमधील वनवासी भागांतून आलेल्या मुली असोत. त्यांना घडवले ते गावाने, घराने आणि एखाद्या ध्येयवेड्या शिक्षकाने. समाजाने आपला वाटा उचललेला आहे. प्रश्न येतो तो दुसऱ्या अध्यायापासून.

आघाडीपटू घडतो कसा?

फुटबॉलमध्ये आघाडीवर खेळणाऱ्याचे काम बाहेरून सोपे दिसते. चेंडू आला, मारला, गोल झाला! वास्तविक हे काम सर्वांत अवघड आहे. नव्वद मिनिटांत त्याच्या वाट्याला खऱ्या अर्थाने दोन किंवा तीन संधी येतात. बचावपटूच्या पाठीमागून कोणत्या क्षणी सुटायचे, ऑफसाईडच्या रेषेला न ओलांडता धाव कधी सुरू करायची, गोलरक्षक कोणत्या पायावर झुकला आहे, हे सारे निमिषार्धात ठरवावे लागते. ही जाण पुस्तकातून येत नाही आणि केवळ सरावानेही येत नाही. ती सामन्यांतून येते. आपल्यापेक्षा बलवान, आपल्यापेक्षा चलाख बचावपटूंविरुद्ध आठवड्यामागून आठवडे खेळत राहिल्यावर, दहा संधी वाया घालवल्यावर अकरावी साधते. गायकाला जसा रियाज आणि मैफल दोन्ही लागतात, तसे आघाडीपटूला सराव आणि सामने दोन्ही लागतात. रियाज घरी होतो. मैफल समाजाने भरवावी लागते.

आता भारतात ही मैफल किती भरत होती ते पाहू. पुरुषांची इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली. महिलांच्या लीगला २०१७ साल उजाडावे लागले. २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत बंगळुरूला झालेल्या लीगमध्ये बारा संघांचे दोन गट होते. गटातील पाच सामने, मग उपांत्य आणि अंतिम. म्हणजे विजेत्या गोकुळम केरळ संघालाही साऱ्या मोसमात सातच सामने मिळाले आणि तेही तीन आठवड्यांत आटोपले. मनीषा त्याच क्लबची खेळाडू. उरलेल्या अकरा महिन्यांत व्यावसायिक खेळाडूने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

त्यानंतर कोरोनाचे संकट आले. २०२०-२१ ची महिला लीग रद्द झाली. पुरुषांची सुपर लीग मात्र त्या मोसमात गोव्यात, प्रेक्षकांविना, बंदिस्त वातावरणात का होईना, पार पाडली गेली. महिलांची पुढची लीग थेट २०२२ च्या एप्रिलमध्ये भुवनेश्वरला सुरू झाली. म्हणजे दोन लीगमध्ये दोन वर्षांहून अधिक काळाचे अंतर पडले. मनीषाच्या वयाच्या हिशेबात सांगायचे तर अठराव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत तिला मायदेशात राष्ट्रीय लीगचा एकही सामना मिळाला नाही. जगभरातील आघाडीपटू ज्या वयात सर्वाधिक शिकतात, ती ही वर्षे. राष्ट्रीय संघाची शिबिरे आणि परदेश दौरे झाले म्हणून तिचा खेळ जिवंत राहिला. मनौसमधील गोल त्याच काळातला. ज्या मुलीला तिच्या देशात लीग नव्हती, तिने ब्राझीलवर गोल केला, ही त्या गोलाची खरी किंमत आहे.

एकाच आठवड्यातील दोन चित्रे

२०२१-२२ या मोसमासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने मनीषाला वर्षातील सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूचा बहुमान दिला. त्याच्या आदल्या वर्षी ती उदयोन्मुख खेळाडू ठरली होती. २०२२ च्या उन्हाळ्यात तिने सायप्रसमधील अपोलॉन लेडीज या क्लबशी करार केला आणि ती लिमासोलला गेली. १८ ऑगस्ट २०२२ रोजी लॅट्वियाच्या रीगा संघाविरुद्ध बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरताच युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी ती पहिली भारतीय ठरली. अपोलॉनने सामना ३-० असा जिंकला.

त्याच आठवड्यात मध्य आशियात दुसरे चित्र दिसत होते. गोकुळम केरळ, म्हणजे मनीषाचाच आधीचा क्लब, आशियाई महिला क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानातील ताश्कंदला पोचला होता. त्या मुलींनी भुवनेश्वरच्या लीगमधील अकराच्या अकरा सामने जिंकून ती संधी मिळवली होती. त्या विमानतळावर उतरल्या आणि त्यांना कळले की जागतिक फुटबॉल संघटनेने भारतीय महासंघाला निलंबित केले आहे. महासंघाच्या कार्यकारिणीची मुदत २०२० च्या डिसेंबरमध्ये संपूनही निवडणुका झाल्या नव्हत्या. अखेर २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकीय समिती नेमली. जागतिक संघटनेने हा बाहेरचा हस्तक्षेप ठरवला आणि १५ ऑगस्टला निलंबनाचा निर्णय घेतला. हे निलंबन २६ ऑगस्टला उठले. अवघे अकरा दिवस! परंतु त्या अकरा दिवसांत स्पर्धा हातची गेली आणि आशियात खेळण्याचा हक्क मैदानावर कमावलेल्या त्या मुली एकही सामना न खेळता परतल्या.

पदाधिकाऱ्यांच्या खुर्च्यांचा वाद आणि त्याची शिक्षा भोगणाऱ्या मुली, असे हे चित्र होते. ज्या दिवसांत भारताचे नाव जागतिक फुटबॉलच्या नकाशावरून पुसले गेले होते, त्याच दिवसांत एक भारतीय मुलगी चॅम्पियन्स लीगमध्ये खेळत होती. कारण ती सायप्रसच्या क्लबची नोंदणीकृत खेळाडू होती! ती लिमासोलला गेली नसती तर कदाचित तीही ताश्कंदमधील हॉटेलच्या खोलीत बसून राहिली असती. या योगायोगातील उपरोध ज्याच्या मनाला बोचणार नाही, त्याने खेळाच्या नावाने राष्ट्रगौरवाची भाषा करू नये.

सायप्रसविषयी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सायप्रस प्रजासत्ताकाची लोकसंख्या नऊ-साडेनऊ लाखांच्या घरात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या होशियारपूर जिल्ह्याची लोकसंख्या पंधरा लाख शहाऐंशी हजार होती. म्हणजे ही मुलगी आपल्या जिल्ह्यापेक्षाही लहान देशात गेली आणि तेथे तिला असा क्लब मिळाला, जो दरवर्षी नियमित लीग खेळतो आणि युरोपच्या स्पर्धेत उतरतो. आपल्याकडे माणसे कमी नाहीत, मैदानेही अगदीच कमी नाहीत. कमी आहे ती सातत्याची सवय.

पुढे होतो, मागे पडलो

महिला फुटबॉल आपल्याकडे नवा आहे, थोडा वेळ लागणारच, असा युक्तिवाद वारंवार केला जातो. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. भारतात महिला फुटबॉल महासंघ १९७५ साली स्थापन झाला. १९८० च्या आरंभी कोळिकोड येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताने उपविजेतेपद मिळवले. १९८१ साली हाँगकाँगला तिसरा क्रमांक आणि १९८३ साली बँकॉकला पुन्हा उपविजेतेपद. त्याच वर्षी बंगालच्या शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. त्या काळी चीन मैदानात उतरलेला नव्हता आणि जपानची नुकती सुरुवात होती, हे मान्य करूनही आरंभाच्या रेषेवर भारत मागे नव्हता हे स्पष्ट दिसते.

आणि ब्राझील? फुटबॉलची पंढरी मानल्या जाणाऱ्या त्या देशात १९४१ पासून १९७९ पर्यंत स्त्रियांना फुटबॉल खेळण्यास कायद्यानेच मनाई होती. स्त्रीच्या प्रकृतीला हा खेळ मानवत नाही, अशी सबब त्यासाठी पुढे केली गेली. इंग्लंडमध्येही फुटबॉल संघटनेने १९२१ साली महिलांच्या सामन्यांना आपल्या क्लबांच्या मैदानांची दारे बंद केली आणि ती जवळजवळ पन्नास वर्षे बंद राहिली. पाश्चात्य जगाने स्त्रीला सगळे आधी दिले आणि आपण मागासलेले राहिलो, ही समजूत निदान या खेळाबाबत खरी नाही. ब्राझीलची बंदी उठली त्यानंतर काही महिन्यांतच भारताच्या मुली आशियाच्या अंतिम सामन्यात खेळत होत्या. मग चाळीस वर्षांनी मनौसमध्ये सहा गोल का स्वीकारावे लागले? त्यांनी चूक सुधारली आणि संघ, प्रशिक्षक, स्पर्धा यांची घडी बसवली. आपण चांगला आरंभ केला आणि मग दुर्लक्ष केले. १९९० च्या दशकाच्या आरंभी महिलांचा कारभार मुख्य महासंघाकडे आला, तरी राष्ट्रीय लीग सुरू व्हायला आणखी पाव शतक लागले.

या दुर्लक्षाचे परिणाम शेजारीच दिसू लागले आहेत. दक्षिण आशियाई महिला अजिंक्यपदाच्या २०१० ते २०१९ या काळातील पाचही स्पर्धा भारताने जिंकल्या. २०२२ आणि २०२४ साली मात्र दोन्ही वेळा उपांत्य फेरीत नेपाळने भारताला रोखले आणि दोन्ही वेळा विजेतेपद बांगलादेशाकडे गेले. शेजारी पुढे सरकत असताना आपण जुन्या चषकांकडे पाहत बसलो, असाच याचा अर्थ.

खेळून नोकरी की खेळ हीच नोकरी?

या सर्वांच्या मुळाशी एक विचार आहे. आपल्याकडे मुलगी खेळते ती बहुधा नोकरी मिळावी म्हणून. रेल्वे, पोलीस, निमलष्करी दले यांनी खेळाडू मुलींना आधार दिला. त्यांचे ऋण मोठे आहे. बेमबेम देवी आणि बाला देवी या दोघी मणिपूर पोलीस दलात होत्या. गरीब घरातील मुलीला कायमची नोकरी म्हणजे साऱ्या कुटुंबाला स्थैर्य. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार पोटभर जेवणाऱ्या टीकाकारांना नाही.

पण 'खेळून नोकरी' आणि 'खेळ हीच नोकरी' या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत खेळ ही पायरी असते. नोकरी मिळाली की पायरीचे काम संपते. दुसरीत खेळ हाच व्यवसाय असतो. आहार, विश्रांती, दुखापतीवरील उपचार, रोजचा सराव, दर आठवड्याचा सामना हे सारे त्या व्यवसायाचे भाग असतात. अदिती चौहान २०१५ साली गोलरक्षक म्हणून इंग्लंडमध्ये वेस्ट हॅमकडून खेळली. बाला देवी २०२० च्या जानेवारीत स्कॉटलंडच्या रेंजर्सशी करारबद्ध झाल्या, तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यांनी तेथे पहिला गोल केला. आयुष्यातील सर्वोत्तम वर्षे मागे टाकून बाला देवींना ही संधी मिळाली. मनीषाला ती विसाव्या वर्षी मिळाली. २०२२-२३ साठीही तीच देशातील सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू ठरली आणि २०२४ साली ती ग्रीसमधील थेस्सालोनिकीच्या पाओक क्लबकडे गेली. दहा वर्षांचा हा फरक म्हणजे प्रगतीच आहे. परंतु प्रत्येक मनीषाला सायप्रस सापडणार नाही. देशात शेकडो मुली आहेत. त्यांच्यासाठी व्यवसाय देशातच उभा राहिला पाहिजे.

त्या दिशेने काही पावले पडली, हे नमूद करणे न्यायाचे होईल. २०२३-२४ पासून महिला लीगमध्ये प्रत्येक संघ एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळू लागला. संघ सात, म्हणून प्रत्येकाला सामने बारा. सातावरून बारावर येणे ही वाढ आहे. पण बारा सामन्यांचा मोसम हा व्यवसायाचा आरंभच म्हणावा लागेल. २०२३ मध्येच महासंघाने लीगमधील क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंशी करार करावेत आणि त्यांना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत असे जाहीर केले. महिन्याला हे सत्तावीस हजारांहूनही कमी भरतात. त्यातही मोसम काही महिन्यांचा. हा आकडा समोर ठेवून कोणता बाप आपल्या मुलीला 'तू फुटबॉललाच वाहून घे' असे म्हणेल?

एकाच मैदानाच्या दोन कथा

महिलांच्या खेळाला प्रेक्षक नाहीत, म्हणून पैसा नाही, म्हणून व्यवस्था नाही, असा आणखी एक युक्तिवाद आहे. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच, नव्या मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये मिळते.

२० जानेवारी २०२२ रोजी या मैदानावर भारताच्या महिला फुटबॉल संघाने आशियाई चषकात इराणशी गोलशून्य बरोबरी केली. स्पर्धेचे यजमानपद आपल्याकडे, सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात. केवढी मोठी संधी! परंतु तीनच दिवसांनी चायनीज तैपेईविरुद्धच्या सामन्यासाठी तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत, कारण शिबिरात कोरोनाचा शिरकाव झाला होता. भारताने माघार घेतली असे मानण्यात आले आणि यजमान संघच स्पर्धेबाहेर गेला. वर्षभराची तयारी मैदानाबाहेरच वाया गेली. मनीषा त्या संघात होती.

याच मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या महिला क्रिकेट संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. सांगलीच्या स्मृती मानधनाचे नाव त्या रात्री घराघरांत पोचले. हे यश आकाशातून पडले नाही. २००६ साली महिला क्रिकेट मुख्य नियामक मंडळाकडे आले. त्यानंतरही उपेक्षेची वर्षे गेलीच. पण पुढे खेळाडूंना वार्षिक करार मिळाले, २०२२ साली सामन्याचे मानधन पुरुषांइतके झाले, २०२३ साली महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली आणि दोन वर्षांनी विश्वचषक हाती आला. आधी प्रेक्षक आले आणि मग व्यवस्था झाली, असे घडलेले नाही. आधी व्यवस्था उभी राहिली, तिच्यातून खेळाचा दर्जा वाढला आणि दर्जामागून प्रेक्षक आले. क्रिकेटकडे अमाप पैसा आहे आणि फुटबॉलकडे तो नाही, हे खरेच. पण निवडणुका वेळेवर घेण्यासाठी, स्पर्धेचे वेळापत्रक वर्षभर आधी ठरवण्यासाठी आणि शिबिरात खेळाडूंची काळजी घेण्यासाठी अमाप पैसा लागत नाही.

आणि या मुली संधी मिळाली की काय करू शकतात, हे ५ जुलै २०२५ रोजी चिआंग माईमध्ये दिसले. थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असे हरवून भारतीय महिला २०२६ च्या ऑस्ट्रेलियातील आशियाई चषकासाठी पात्र ठरल्या. पात्रता फेरी खेळून हा मान मिळवण्याची भारताची ही पहिलीच वेळ. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे होते. त्याच फेरीत मंगोलियाविरुद्धच्या १३-० अशा विजयात ओडिशाच्या प्यारी खाखाने पाच गोल केले. पंजाब, बंगाल, ओडिशा, मणिपूर; वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या या मुली एका रंगाचा पोशाख घालून एकमेकींना चेंडू देतात, तेव्हा राष्ट्रीय एकात्मतेवर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

समाजाने उचलायचा वाटा

शासनाकडे आणि महासंघाकडे बोट दाखवणे सोपे आहे आणि ते दाखवलेही पाहिजे. पण समाज म्हणून आपल्या हाती असलेल्या गोष्टी कोणत्या?

पहिली गोष्ट शाळेची. मनीषाला वळण लावणारे क्रीडाशिक्षक तिच्या शाळेत होते. आपल्या गावातील, आपल्या संस्थेच्या शाळेत क्रीडाशिक्षकाचे पद भरलेले आहे का? खेळाचा तास गणिताला दिला जातो का? सातवी-आठवीनंतर मैदानावर मुली दिसेनाशा होतात, त्याचे कारण कोणी विचारले आहे का? शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवर आपलेच लोक असतात. हे प्रश्न त्यांनी पुढच्या बैठकीत मांडावेत.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींच्या संघाच्या युरोप दौऱ्यावर एका सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून निलंबित करून परत पाठवावे लागले आणि नंतर बडतर्फ करण्यात आले. मुलींना बाहेरगावी पाठवताना पालकांच्या मनात जी भीती असते ती निराधार नसते. तिला 'जुनाट विचार' म्हणून हसण्यापेक्षा तिचे कारण नाहीसे करणे आवश्यक आहे. प्रत्येक संघाबरोबर महिला प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक असणे, तक्रार कोणाकडे करायची हे मुलींना ठाऊक असणे, राहण्याची सोय नीट तपासलेली असणे, ही किमान अट मानली गेली पाहिजे. विश्वास निर्माण झाला की घरे आपोआप दार उघडतात.

तिसरी गोष्ट मंडळांची. कोल्हापुरात फुटबॉल पेठांच्या रक्तात आहे. छत्रपती शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळाचा सामना असला की शहराचे व्यवहार थबकतात. तालमींनी जोपासलेला हा खेळ म्हणजे लोकाश्रयाचे उत्तम उदाहरण आहे. मुलांच्या संघांमागे उभी राहणारी हीच मंडळे मुलींच्या संघांमागेही तितक्याच ताकदीने उभी राहिली, तर वर्षभर चालणारी मुलींची स्थानिक लीग उभी राहायला दिल्लीच्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही. गोव्यात तर गावोगाव मैदाने आहेत. प्रत्येक गणेशोत्सव मंडळाने वर्षातून एका मुलीच्या बुटांचा, प्रवासाचा आणि खुराकाचा खर्च उचलला तरी किती मुली मैदानावर टिकतील!

चौथी गोष्ट घराची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. मध्यमवर्गीय घरात मुलगी नृत्य शिकते, गाणे शिकते, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसते. ती चिखलात लोळून, गुडघे फोडून घरी आली तर मात्र कपाळाला आठी पडते. खेळातून शरीर घडते तसे मनही घडते. पराभव पचवणे, दहाव्यांदा चुकल्यावर अकराव्यांदा धावणे, आपल्यापेक्षा बलवान प्रतिस्पर्ध्यासमोर पाय न कापणे, हे शिक्षण कोणत्याही शिकवणीच्या वर्गात मिळत नाही. प्रत्येक मुलगी मनीषा होणार नाही. व्हायला हवी असेही नाही. पण मैदानावर हजार मुली उतरल्या तरच त्यांतून एक मनीषा निघते आणि उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव जणी अधिक सशक्त, अधिक निर्भय नागरिक होतात.

परदेशी क्लबकडून खेळणाऱ्या मुलीचा हेवा करू नये आणि तिला दोषही देऊ नये. ती गेली, शिकली आणि ते शिक्षण राष्ट्रीय संघाच्या कामी आणले. विद्येसाठी दूर जाणे ही आपलीच परंपरा आहे. पण विद्यार्थी दूर गेला की गावात पाठशाळा नको, असे कोणी म्हणत नाही. मनीषाने आपल्या पायांनी जे करायचे ते केले आहे. आता तिच्या मागून येणाऱ्या, आज सातवी-आठवीत असलेल्या मुलीला अठराव्या वर्षी भारतातच पूर्ण मोसमाची लीग मिळते की दोन वर्षांची पोकळी, हे ठरवणे तिच्या हाती नाही. ते महासंघाच्या, शासनाच्या आणि तितकेच आपल्या हाती आहे.